व्हीएस कोडमध्ये सेव्ह केल्यावर कवितेच्या ओळी एकत्र होतात : माझा अनुभव

लक्षण असं : व्हीएस कोड या एडिटरमध्ये मार्कडाउन (साध्या खुणांनी मजकुराची मांडणी करण्याची पद्धत) फाइलमध्ये कविता टाइप करायची, ओळ तोडण्यासाठी शेवटी दोन स्पेस द्यायच्या. सेव्ह केलं की स्पेस गायब आणि प्रिव्ह्यूमध्ये चारही ओळी सलग गद्यासारख्या. दोन संध्याकाळी यात गेल्या, फार चिडचिड झाली.

ओळीच्या शेवटच्या स्पेस सेव्ह करताना काढून टाकणारं 'ट्रिम ट्रेलिंग व्हाइटस्पेस' सेटिंग आधीच बंद होतं. एडिटर पुन्हा इन्स्टॉल केला, फरक नाही. म्हणजे एडिटरला जोडलेल्या १४ एक्स्टेन्शन्सपैकीच (जास्तीच्या सोयी देणारे छोटे प्रोग्रॅम) कुणीतरी स्पेस काढत होतं.

आधी व्ह्यू, अपिअरन्स, रेंडर व्हाइटस्पेस चालू करा. स्पेस बारीक ठिपक्यांसारख्या दिसतात. हे आधीच करायला हवं होतं, कारण नुसत्या नजरेला काहीच कळत नाही. मग कंट्रोल+शिफ्ट+पी दाबून 'स्टार्ट एक्स्टेन्शन बायसेक्ट' चालवा. दोषी एक्स्टेन्शन शोधण्यासाठी ते निम्मी एक्स्टेन्शन्स बंद करून एडिटर रीलोड करतं आणि अडचण अजून आहे का ते विचारतं. दर वेळी ओळीच्या शेवटी दोन स्पेस द्या, सेव्ह करा, ठिपके राहिले का पाहा आणि तसं उत्तर द्या. चारेक फेऱ्यांत नाव समोर आलं : एक फॉरमॅटर, म्हणजे फाइलची मांडणी आपोआप नीट करणारं एक्स्टेन्शन.

माझ्याकडे फॉरमॅटर दोन होते. चार ओळींची तीच फाइल दोघांवर सेव्ह करून पाहिली; दुसरा ठिपक्यांना हात लावत नाही. मार्कडाउन फाइल उघडी ठेवून राइट क्लिक, 'फॉरमॅट डॉक्युमेंट विथ', 'कॉन्फिगर डिफॉल्ट फॉरमॅटर', आणि दुसरा निवडला. पहिला कोडच्या फाइलींसाठी ठेवलाय, तिथे तो उत्तम आहे.