नव्या पोराला आधी भंगारातलं फेंडर द्या
डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजात नवा मुलगा आला की त्याला महिनोन्महिने नुसत्या गाड्या पुसायला लावतात. असा हात बसत नाही हो! पहिल्याच आठवड्यात भंगारातलं एक फेंडर, म्हणजे गाडीच्या चाकावरचा पत्रा, त्याच्या स्वाधीन करा. डोळे मिटून, पातळ सुती फडक्यावरून सपाट तळहात फिरवत पोचा शोधायला सांगा. डोळ्याला न दिसणारा उंचवटा तळहाताला कळतो. मग डॉली-हातोडी: पत्र्यामागे डॉली, म्हणजे लोखंडाचा जड तुकडा, धरायचा आणि वरून हातोडीने ठोकायचं. पत्रा इतका सरळ व्हायला हवा की पुट्टी २-३ मिलिमीटरच्या वर लागू नये. पुट्टी घासताना आधी ८० नंबरचा पॉलिश पेपर, मग १८०, मग ३२०, तोही ठोकळ्याला गुंडाळूनच. नुसत्या बोटांनी घासलं की चर पडतात आणि रंग चढल्यावर ते उठून दिसतात. मास्क मात्र पहिल्या दिवसापासून. पोरगं लाजलं तरी घालायला लावाच.