दोन सीटच्या स्पोर्ट्‌स कारमध्ये लहान मूल नेताय? या चुका टाळा

दोन सीटच्या गाडीत मुलाला कुठे बसवायचं हा प्रश्नच उरत नाही. एरवी मूल मागच्या सीटवर, हे आता बहुतेक आईवडिलांच्या अंगवळणी पडलंय. अमेरिकेत तर १३ वर्षांखालच्या मुलांना मागेच बसवा, असा सल्ला आहे. पण माझदाची मिआटा, पोर्शेची बॉक्स्टर, बीएमडब्ल्यूची झेड-४, मर्सिडीजची जुनी एसएलके या गाड्यांना मागे सीटच नसते. मग मूल येतं ते थेट डॅशबोर्डसमोर, आणि त्या डॅशबोर्डमध्ये एअरबॅग असते.

कॅलिफोर्निया असो, न्यू जर्सी असो की जर्मनी, तिथल्या मराठी घरांत कुणीतरी हौसेने अशी गाडी घेतलेली असते आणि बाळ झाल्यावर प्रश्न येतो: याला यातून नेता येईल का? बऱ्याचदा उत्तर ‘हो’ असं असतं, पण ते गाडीचं मॉडेल आणि साल बघूनच द्यावं लागतं. दुकानात जाऊन चांगली चाइल्ड सीट आणण्याआधी तीन गोष्टी कळायला हव्यात. शेजारच्या सीटची एअरबॅग बंद होते का, कशी होते, आणि बंद झाली हे दिसतं कुठे?

चूक: आधी चाइल्ड सीट, मग एअरबॅगचा विचार

सगळ्यात घातक चूक हीच, म्हणून तिच्यावर जरा थांबतो.

तान्ह्या बाळाची सीट मागे तोंड करून बसवतात. दोन सीटच्या गाडीत अशा सीटची पाठ, म्हणजे बाळाच्या डोक्यामागचा भाग, एअरबॅगच्या झाकणापासून अगदी जवळ येते. एअरबॅग ताशी ३०० किलोमीटरच्या घरात वेग घेऊन बाहेर पडते, डोळ्याची पापणी लवायच्या आत. मोठ्या माणसाला वाचवणारा हाच दणका बाळाच्या सीटची पाठ त्याच्या डोक्यावर आपटवतो. नव्वदच्या दशकात अमेरिकेत, मोठं माणूस खरचटून सुटलं असतं अशा कमी वेगाच्या धडकांतही एअरबॅगमुळे मुलं दगावली आहेत. म्हणून चालू एअरबॅगसमोर मागे तोंड केलेली सीट कधीच नाही. ‘इथून इथपर्यंतच जायचंय’ म्हणूनही नाही. युरोपात आणि कॅलिफोर्नियात हे कायद्यानेच बंद आहे.

दोन सीटच्या गाड्यांची ही अडचण नियम करणाऱ्यांनीही ओळखली होती. अमेरिकेने १९९५ मध्ये, मागे सीट नसलेल्या किंवा मागची सीट फारच लहान असलेल्या गाड्यांत एअरबॅग हाताने बंद करायचा स्विच द्यायला कंपन्यांना परवानगी दिली. १९९८ पासून सरकारी मंजुरी घेऊन असा स्विच नंतरही बसवून घेता येऊ लागला. म्हणून सेकंडहँड गाडी घेताना साल बघा. अमेरिकेतल्या १९९० ते १९९३ च्या मिआटात शेजारच्या बाजूला एअरबॅगच नव्हती, १९९४ पासून ती आली, आणि दुसऱ्या पिढीत किल्लीने फिरवायचा स्विच मिळाला. दिसायला सारख्याच गाड्या, पण बाळाच्या दृष्टीने तीन वेगवेगळ्या. काही पोर्शे गाड्यांत एअरबॅग बंद करायची सोय आणि आयसोफिक्सच्या कड्या (चाइल्ड सीट थेट गाडीला अडकवायच्या) वेगळ्या किटमधून बसवून घ्याव्या लागतात. जुन्या एसएलकेत आणखी वेगळी गोष्ट: गाडी फक्त त्याच कंपनीची, आत खास चिप असलेली चाइल्ड सीट ओळखते आणि तेवढ्यापुरती एअरबॅग बंद करते. दुसरी कितीही महागडी सीट ठेवली तरी एअरबॅग चालूच.

युरोपीय बनावटीच्या बऱ्याच गाड्यांत हा स्विच डॅशबोर्डच्या टोकाला असतो, शेजारचं दार उघडल्याशिवाय दिसत नाही. भारतात आयात झालेली गाडी असेल तर तिथे आधी बघा. स्विच सापडला नाही आणि मॅन्युअलमध्येही काही नाही, तर मागे तोंड करून बसायच्या वयाचं बाळ या गाडीत न्यायचं नाही. यावर कुठलाही जुगाड नाही.

‘मग पुढे तोंड करून बसवू’ हा जुगाडही नको. युरोपातल्या चाइल्ड सीटसाठीच्या आर-१२९ नियमाप्रमाणे १५ महिन्यांपर्यंत मागे तोंड सक्तीचं आहे. कॅलिफोर्नियात साधारणपणे दोन वर्षांपर्यंत आहे, आणि सीटच्या मर्यादेत बसतं तोवर मूल मागे तोंड करूनच ठेवा, असं तिथले बालरोगतज्ज्ञ सांगतात. बाळाचं डोकं शरीराच्या मानाने जड आणि मान कोवळी असते. समोरून धडक बसली की मागे तोंड केलेल्या सीटमध्ये पाठ, मान आणि डोकं एकत्र झेललं जातं. गाडीच्या अडचणीसाठी बाळाला लवकर फिरवणं म्हणजे एक धोका घालवून दुसरा घेणं.

चूक: फ्यूज काढून एअरबॅग ‘बंद’ करणे

हा सल्ला कुणी ना कुणी देतोच. फ्यूज काढला की अनेक गाड्यांत चालकाची एअरबॅग आणि धडकेच्या क्षणी पट्टा आवळणारी यंत्रणाही जाते. सीटखालचे पिवळे कनेक्टर ओढून काढणं, नाहीतर स्पोर्ट्‌स सीट बदलताना रेझिस्टर लावून चेतावणीचा दिवा विझवणं, हे त्याहून वाईट. एअरबॅगच्या यंत्रणेत बॅटरी काढल्यावरही काही काळ वीज साठलेली राहते, त्यामुळे घरच्या घरी हात घालायची ही जागाच नाही. एअरबॅगचा बिघाड दाखवणारा लाल किंवा पिवळा दिवा सतत पेटलेला असेल, तर तो तपासून होईपर्यंत त्या गाडीत मूल नको.

चूक: ‘नवीन गाडी आहे, ती आपोआप ओळखते’

अमेरिकेत साधारण २००६ नंतरच्या गाड्यांत शेजारच्या सीटवरचा भार ओळखणारे सेन्सर सर्रास दिसू लागले. सीटवर लहान मूल आहे असं वाटलं की गाडी एअरबॅग बंद करते आणि ‘पॅसेंजर एअरबॅग ऑफ’चा दिवा लावते. सोय चांगली आहे, पण ती वजनाच्या अंदाजावर चालते. सीटवर खरंच कोण आहे हे तिला कळत नाही.

दिवा लागायला हवा होता आणि लागला नाही, तर कारणं बहुतेक हीच: चाइल्ड सीट पट्ट्याने इतकी करकचून आवळली की सेन्सरला मोठं माणूस बसल्यासारखं वाटलं, सीटखाली बाटली किंवा छत्री अडकली, वर गादी किंवा जाड सीटकव्हर घातलंय, चाइल्ड सीटचा कोपरा मधल्या कन्सोलवर टेकलाय. हे सगळं मोकळं करा, इंजिन बंद करून सीट पुन्हा बसवा, मग गाडी सुरू करून दिवा बघा. तरी लागला नाही तर प्रवास दुसऱ्या गाडीने.

बूस्टरवर (गाडीचा पट्टा नीट बसावा म्हणून मुलाला उंच करणाऱ्या बैठकीवर) बसणाऱ्या सहा-आठ वर्षांच्या मुलाच्या बाबतीत हा दिवा कधी लागतो, कधी विझतो, कारण वजन सीमेवर असतं आणि मूल चुळबुळतं. अशा मुलासाठी सीट मागे जाईल तितकी मागे सरकवा आणि पाठ टेकवूनच बसवा. किल्लीचा स्विच असेल तर या वयाला एअरबॅग ठेवायची की बंद करायची, हे गाडीचं मॅन्युअल सांगेल तसं. आणि लक्षात ठेवा, पुढची एअरबॅग बंद केली म्हणून दारातली किंवा सीटच्या कडेची एअरबॅग बंद झाली असं नाही. मूल झोपलं की डोकं दाराकडे कलंडतं. डोक्याला दोन्ही बाजूंनी आधार देणारी पाठीची बूस्टर सीट इथे नुसत्या बैठकीपेक्षा केव्हाही बरी.

सीट हलते, तिरकी बसते, मावत नाही

स्पोर्ट्‌स कारची सीट अरुंद, खोलगट, कडा उंचावलेली. ती मोठ्या माणसाला वळणावर धरून ठेवायला केलेली असते. चाइल्ड सीटचा तळ मात्र सपाट आणि रुंद, त्यामुळे तो दोन्ही कडांवर टेकतो आणि खाली पोकळी राहते. म्हणून दुकानात पैसे देण्याआधी सीट गाडीत प्रत्यक्ष बसवून बघायचीच, फोटो बघून नाही. ती नीट बसली की नाही हे बघायला, जिथून पट्टा जातो तिथे धरून हलवा. एका इंचाहून, म्हणजे अडीच सेंटिमीटरहून, जास्त हलली तर बसलेली नाही. डोक्याकडचा भाग धरून हलवू नका, तो थोडा हलणारच.

तान्ह्या बाळाच्या सीटची दुसरी तक्रार म्हणजे ती फार उभी होते. या गाड्यांची बैठक मागे खोल उतरते, त्यामुळे मागे तोंड केलेल्या सीटचा पायाकडचा भाग खाली जातो आणि डोक्याकडचा वर येतो. मग बाळाची हनुवटी छातीवर टेकते आणि श्वास अडू शकतो. बैठक आणि पाठ मिळतात त्या खाचेत घट्ट गुंडाळलेला टॉवेल घालून कोन सुधारतो, पण चाइल्ड सीटच्या मॅन्युअलमध्ये परवानगी असेल तरच. कोन दाखवणारी रेघ किंवा बुडबुडा बघताना गाडी सपाट जागी उभी असू द्या.

खाली आधाराचा पाय असलेल्या सीटही इथे बऱ्याचदा जमत नाहीत, कारण पाय ठेवायची जागा पुढे उतरती असते. मॅन्युअलमध्ये तुमच्या गाडीचं नाव नसेल तर ती सीट वापरायची नाही, पाय वर दुमडूनही नाही. सीटची पाठ डॅशबोर्डला टेकली तर चालतं का, हेही दोन्ही मॅन्युअलमध्ये बघावं लागतं. काही कंपन्या चालेल म्हणतात, काही साफ नाही म्हणतात.

आयसोफिक्सच्या किंवा लॅचच्या (अमेरिकेतली तशीच सोय) कड्या आहेत असं गृहीत धरू नका. चाइल्ड सीटचा वरचा पट्टा अडकवायचा हूक तर रोडस्टरमध्ये, म्हणजे टप उघडणाऱ्या दोन सीटच्या गाडीत, अनेकदा नसतोच. तो पट्टा रोल-बारला (गाडी उलटली तर डोकं वाचवणाऱ्या सीटमागच्या दांडीला) किंवा सामानाच्या जाळीला बांधणं चूक आहे, ती जागा त्या ओढीसाठी तपासलेली नसते. पट्ट्यानेच सीट बांधायची तर अमेरिकी गाड्यांतला शेजारचा पट्टा पूर्ण बाहेर ओढा, मग हळूहळू आत सोडा; टकटक आवाज आला की तो पुन्हा बाहेर येत नाही. भारतीय आणि युरोपीय गाड्यांत ही सोय बहुधा नसते, तिथे चाइल्ड सीटवरचीच, पट्टा पकडून ठेवणारी चाप वापरायची. बकलची दांडी आखूड आणि ताठ असेल आणि बकल सीटच्या कडेवर आडवं टेकत असेल, तर पट्टा कधीच घट्ट राहणार नाही, आणि धडकेत ते बकल तिथेच मोडू शकतं. अशा वेळी सीटचं मॉडेल बदलावं लागतं.

रेसिंगचा चार-पट्ट्यांचा हार्नेस बसवलेल्या गाड्यांत मुलाला तोच लावण्याचा मोह होतो. तो मुलाच्या मापाचा नाही, बूस्टरसोबत तर नाहीच.

चूक: मांडीवर, मधे, मागच्या फळीवर

दोन मुलं आणि एक सीट, किंवा आई शेजारी आणि बाळ मांडीवर. भारतात पुढच्या सीटवर मांडीवर बसवून नेणं आजही सर्रास दिसतं, म्हणून स्पष्ट लिहितो. ताशी ५० किलोमीटरच्या धडकेत दहा किलोचं बाळ काही क्षण दोन-तीनशे किलोच्या जोराने पुढे फेकलं जातं. कुठल्याच आईचे हात ते धरू शकत नाहीत. पट्टा दोघांभोवती घेतला तर आईचं वजन बाळाला पट्ट्यावर चेपतं. दोन मुलांना एका पट्ट्यात बांधलं तरी तेच होतं. सीटमागची सामानाची फळी बसायची जागा नाही, मग मूल कितीही लहान असो. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्तीतलं कलम १९४-बी १४ वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा चाइल्ड सीट नसेल तर हजार रुपये दंड सांगतं. दंड किरकोळ आहे, इजा तशी नसते. मुलं दोन असतील तर एक फेरी किंवा दुसरी गाडी.

उघडा टप

टप उघडून जाताना आधी उंची मोजा. बूस्टरवर बसलेल्या मुलाचं डोकं मोठ्या माणसापेक्षाही वर जाऊ शकतं. काचेच्या चौकटीच्या वरच्या कडेपासून सीटमागच्या रोल-बारपर्यंत झाडूची काठी आडवी ठेवा; मुलाचं डोकं तिच्या खाली आलंच पाहिजे. येत नसेल तर गाडी उलटल्यावर त्या डोक्याला आधार नाही. टप बंद करताना सीटचा वरचा भाग कापडाला किंवा पत्र्याला लागत नाही ना, तेही थांबलेल्या गाडीत बघून घ्या.

हायवेवर उघड्या गाडीत आवाज ८५ डेसिबलच्या वर सहज जातो आणि बाळाच्या कानांना तो मोठ्यांपेक्षा जास्त जाचतो. सहा महिन्यांखालच्या बाळाला थेट ऊन नको. तेव्हा हायवेवर टप बंद, आणि गावातल्या संध्याकाळच्या फेरीला उघडा, असं साधं ठरवून टाका. उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीतल्या बकलचा धातू पोळतो, पट्टा लावायच्या आधी हात लावून बघा. टप उघडण्याचा एक फायदा मात्र खरा आहे: मूल वरून सीटमध्ये ठेवता येतं, बुटक्या दारातून कमरेत वाकावं लागत नाही.

मूल शेजारी असलं की त्याचे हात गिअरपर्यंत, हँडब्रेकपर्यंत, आणि बऱ्याच रोडस्टरमध्ये मधल्या कन्सोलवर असलेल्या खिडकीच्या आणि टपाच्या बटणांपर्यंत पोचतात. खिडकीला लॉक असेल तर लावा. पडलेलं खेळणं चालत्या गाडीत उचलू नका, बाजूला थांबा.

मूल उतरल्यावर

एअरबॅग बंद करून ठेवलेली गाडी दुसऱ्या दिवशी कुणीतरी दुसरंच वापरतं. मुलीला पाळणाघरात सोडून आलेल्या बाबांनी चाइल्ड सीट काढून ठेवली, स्विच तसाच राहिला, आणि संध्याकाळी भारतातून आलेल्या आजींना विमानतळावरून आणताना शेजारी बसवलं. त्या प्रवासात आजींसमोर एअरबॅग नाही. म्हणून चाइल्ड सीट काढणं आणि स्विच चालू करणं ही एकच क्रिया समजा. सीट हातात असतानाच किल्ली फिरवायची, दिवा विझलेला बघायचा, मगच दार लावायचं. ज्या गाडीत स्विच नसून सेन्सर आहे, तिथे मोठं माणूस बसल्यावर ‘ऑफ’चा दिवा विझला का, हे निघायच्या आधी शेजारच्याला बघायला सांगा. लहानखुऱ्या, हलक्या वजनाच्या आजी असतील तर त्यांना सीटवर सरळ, पाठ टेकून बसू द्या. कडेला टेकून किंवा पुढे सरकून बसलं तर सेन्सर त्यांनाही मूल समजू शकतो.