जुन्या 407 चा डबा राहण्याजोगा करताना

चिरे (जांभा दगड) वाहिलेली टाटा 407, म्हणजे छोटा मालवाहू ट्रक, मिळाली तर घ्या, मासळी वाहिलेली शक्यतो टाळा. चिऱ्याच्या गाडीचा पत्रा चेपलेला असतो, पण आतून कोरडा असतो. मासळीच्या गाडीत बर्फाचं खारं पाणी वर्षानुवर्षं फाळक्याच्या (मागच्या झडपेच्या) फटीतून खाली झिरपलेलं असतं. वरून नवा रंग मारलेला असला तरी जमिनीच्या पत्र्याखालचे क्रॉस मेंबर (आडवे आधार) कागदासारखे झालेले सापडतात. टाटांनी 407 बाजारात आणली 1986 साली. त्या पहिल्या पिढीतल्या बऱ्याच गाड्या कोकणात अजून उभ्या आहेत, आणि त्यांची चासी बहुतेक वेळा डब्यापेक्षा चांगल्या अवस्थेत असते.

इथे आपण मागच्या बाजूला चौकोनी नळ्यांचा सांगाडा आणि त्यावर पत्रा असलेला बंद डबा धरून चाललो आहोत. आत साधारण दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि सहा फूट दोन इंच उंच मोकळी जागा आहे. किनाऱ्यावर अशा डब्याचं काम करताना आमचा एकच आग्रह आहे: आत जे काही बसवाल ते स्पॅनरने सोडवून बाहेर काढता आलं पाहिजे. चिकटवून, खिळे मारून पक्कं केलेलं फर्निचर पुण्यात पंधरा वर्षं टिकेल. वेंगुर्ल्यात मात्र त्यामागचा पत्रा कधी गेला हे कळणारही नाही.

हात लावण्याआधी आरटीओत जाऊन या. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे आरसी बुकावरच्या नोंदीत फरक पडेल असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. मालवाहू गाडीत झोपायची सोय करणं हा असाच बदल आहे. विमा कंपनीलाही लेखी कळवा.

उघडणं आणि तपासणं

काम दसऱ्यानंतर सुरू करा. पावसाळ्यात पत्रा कधीच पूर्ण कोरडा होत नाही. आणि एप्रिल-मे मध्ये घामाचे थेंब पत्र्यावर पडतात, तेही खारेच.

आतलं जुनं प्लाय, रेक्झिन, फोम सगळं काढा. काढण्याआधी मात्र गळती शोधा, कारण ओले डाग पाणी कुठून येतं ते दाखवतात. सगळ्या जोडांवर आतून खडूची पूड चोळा. एकजण आत बसेल आणि दुसरा बाहेरून पाइपने पाणी सोडेल. सुरुवात खालून करा, प्रत्येक पट्ट्यावर दहा मिनिटं थांबा, मग वर सरका. पहिल्यांदाच टपावर पाणी ओतलं तर ते सगळीकडून ओघळतं आणि नेमकी जागा सापडत नाही.

सर्वात जास्त सडलेली जागा बहुधा खिडकीखाली असते. जुन्या सरकत्या काचांच्या चॅनेलमध्ये मखमली पट्टी असते. ती पाणी धरून ठेवते, धूळ आणि मीठ तिच्यात साचतं आणि चॅनेलच्या तळाला गंज पत्रा आतून खातो. बाहेरून तिथे फक्त रंगाचा एक फुगा दिसतो. स्क्रूड्रायव्हरने टोचा, सहज आत गेला तर तो भाग कापायचाच. दुसरी जागा म्हणजे चाकावरच्या कमानीचा आणि जमिनीचा कोपरा. चाकाने उडवलेला चिखल तिथे बसतो आणि पुढच्या पावसापर्यंत सुकत नाही. पूर्ण जमिनीवर हातोडीने ठोकत जा. खणखणीत आवाज येतो तिथे पत्रा शाबूत, बद्द आवाज येतो तिथे खडूने खूण करा.

पत्रा

सडलेला भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापा, म्हणजे गंजाच्या कडेपासून किमान एक इंच पुढे. भिंतीला 18 गेज (1.2 मिमी) आणि जमिनीला 16 गेज (1.6 मिमी) पत्रा पुरतो. वेल्डिंगच्या आधी बॅटरीची दोन्ही टोकं काढून ठेवा. सलग वेल्ड मारू देऊ नका. इंचभर मारायचा, मग चार इंच सोडून पुढचा इंच, आणि थंड झाल्यावर मधल्या जागा भरायच्या. सलग मारला की पत्रा तापून लाटा येतात आणि त्यावर प्लाय कधीच सपाट बसत नाही.

भोकांवर फायबरचं ठिगळ मारून देतो म्हणणारे भेटतील. मिरकरवाडा, हर्णै अशा बंदरांत फायबरच्या होड्यांची कामं होतात आणि तिथल्या कारागिरांचा हात उत्तम असतो. पण होडी फायबरचीच असते. लोखंडावर पॉलिस्टर रेझिन नीट धरत नाही. पत्रा तापून-थंडावून हलला की कड सुटते, आत पाणी शिरतं आणि ठिगळाखाली गंज वाढत राहतो. टप मुळातच फायबरचा असेल तर खुशाल करा: 450 ग्रॅमच्या काचतंतूंच्या मॅटचे दोन-तीन थर पुरतात. हार्डनर आणि कोबाल्ट (रेझिन लवकर धरावं म्हणून घालतात ते द्रव्य) एकमेकांत थेट कधीही मिसळू नका, भडका उडतो किंवा स्फोट होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मग हार्डनर.

घासून झाल्यावर सगळा पत्रा गोड्या पाण्याने धुवा. ही पायरी इथे सर्वात जास्त वगळली जाते. घासलेला पत्रा चकचकीत दिसला तरी खळग्यांत मीठ उरतं. त्यावर रंग मारला की मीठ रंगातून ओलावा ओढतं आणि वर्षभरात फोड येतात. धुवा, दाबाच्या हवेने सुकवा आणि त्याच दिवशी प्रायमर मारा. रात्रभर उघडा ठेवला तर सकाळी तांबूस झालेला असेल.

इपॉक्सी प्रायमरचे दोन हात, जोडांवर पॉलियुरेथेन (पीयू) सीलंट, मग पीयू रंग. थंडीत सकाळी पत्र्यावर दव असतं, ते डोळ्यांना दिसत नाही पण हाताला लागतं. म्हणून रंगकाम अकराच्या आत सुरू करू नका आणि चारनंतर करू नका. चौकोनी नळ्यांच्या आत रंग पोचत नाही. तिथे लांब नळीच्या फवाऱ्याने कॅव्हिटी वॅक्स (गंज रोखणारं मेण) सोडा, आणि प्रत्येक नळीच्या सर्वात खालच्या टोकाला 8 मिमीचं भोक ठेवा. पाणी आत येणारच, ते बाहेर पडलं पाहिजे.

सीलंट घेताना वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबूस वास येणारं सिलिकॉन सुकताना आम्ल सोडतं आणि लोखंड खातं. शिवाय सिलिकॉनवर रंगही धरत नाही.

उष्णता आणि हवा

टपाला पांढरा रंग द्या, आतल्या कुठल्याही फोमपेक्षा त्याचा उपयोग जास्त. आतून 13 मिमी नायट्राइल रबरची शीट पत्र्याला पूर्ण चिकटवा. मध्ये पोकळी राहिली तर रात्री श्वासाची वाफ तिथे जाऊन थंड पत्र्यावर पाणी होते. ग्लासवूल नको, ते ओलं झालं की ओलंच राहतं. थर्माकोलही नको. तो करकरतो, आणि वायरीच्या पीव्हीसी आवरणाला चिकटून राहिला तर ते आवरण कडक होऊन तडकतं.

भिंतीच्या तळाचे सहा इंच मात्र मोकळे सोडा, रबर लावू नका. पाणी तिथेच साचतं. त्या पट्ट्यावर चार स्क्रूंची सुटी फळी ठेवा. दर दोन-तीन महिन्यांनी ती काढून बॅटरीच्या उजेडात पत्रा बघता येतो. डब्याचं आयुष्य या एका फळीने वाढतं, असं आमचं ठाम मत आहे.

टपावर 14 इंची एक्झॉस्ट पंखा बसवा आणि समोरच्या टोकाला खाली, पलंगाच्या उंचीखाली, हवा आत यायला जाळीची खिडकी ठेवा. नुसता पंखा लावून खालून हवेला वाट नसेल तर पंखा गरगरतो आणि गदमदणं तसंच राहतं. डासांची जाळी फायबरग्लासची घ्या. अॅल्युमिनियमची जाळी खाऱ्या वाऱ्यात पांढरी पडून तुटते.

लाकूड

प्लाय आयएस 710 चं, म्हणजे मरीनच घ्या. त्याची परीक्षा 72 तास उकळत्या पाण्यात होते. दुकानदार ‘वॉटरप्रूफ’ म्हणून आयएस 303 देतो, तेव्हा शीटवरचा शिक्का वाचा. वजनाचा हिशोब आधीच करा: 12 मिमीची आठ बाय चारची शीट साधारण 25 किलो, 18 मिमीची 36 किलो. सुताराला घरातल्या सवयीने सगळीकडे 18 मिमी हवं असतं, त्याला अडवा. जमिनीला आणि फर्निचरच्या उभ्या फळ्यांना 12, दारांना 9, भिंतींना आणि छताला 4 मिमी पुरतं. भिंती आणि छत मिळून सात शीट, म्हणजे 55 किलोच्या आसपास. पाणी, गॅस, बॅटरी धरून आतलं सगळं 400 किलोच्या आत बसवायचं लक्ष्य ठेवा. आंबा घाट किंवा फोंडा घाट चढताना जुन्या इंजिनाला प्रत्येक किलो जाणवतो.

कापलेली प्रत्येक कड आणि प्रत्येक भोक पातळ इपॉक्सीने दोनदा पाजा. प्लाय पाणी पितं ते कडेतूनच. जमिनीच्या प्लायच्या खालच्या बाजूला काजूच्या टरफलाचं तेल लावलं तर कीड आणि ओल दोन्ही लांब राहतात. हातमोजे घाला, त्याने कातडी भाजते. पूर्ण सुकेपर्यंत, म्हणजे उन्हात आठवडाभर तरी, शीट आत आणू नका. डब्याच्या आतल्या बाजूला मात्र हे तेल लावू नये.

दिसणाऱ्या ठिकाणी खऱ्या लाकडाची हौस असेल तर फणस घ्या. त्याचा पिवळा रंग काही वर्षांत तांबूस तपकिरी होतो आणि लहानशा डब्यात फार सुंदर दिसतो. ओट्याची कड, दारांच्या मुठी, टेबलाची पट्टी एवढ्यापुरतंच वापरा. आंब्याचं लाकूड स्वस्त मिळतं, पण त्याला भुंगा लगेच लागतो.

मांडणी आणि बसवणं

पलंग मागच्या टोकाला आडवा, सहा फूट बाय चार. पावणेसहा फुटांपेक्षा उंच माणसाला आडवं झोपणं जमत नाही, मग उभा पलंग करावा लागतो आणि स्वयंपाकाची जागा अर्धी होते. हे आधी ठरवा, कारण खिडक्यांच्या जागा त्यावर ठरतात. ओटा दाराजवळ, 34 इंच उंच आणि 20 इंच खोल. बसायच्या बाकाची उंची गादी धरून 17 इंच, टेबल 28. मधली वाट 22 इंचांपेक्षा अरुंद केली तर दोघांना एकमेकांना ओलांडता येत नाही. पाण्याचे कॅन आणि बॅटरी मागच्या आसाजवळ, डाव्या-उजव्या बाजूला वजन सारखं.

पलंगाला सलग प्लाय घालू नका. अडीच इंची पट्ट्या, मध्ये इंचभर फट, त्यावर काथ्याची पातळ चटई आणि मग 40 डेन्सिटीचा चार इंची फोम. सलग फळीवर गादीच्या खालच्या बाजूला पहिल्याच पावसात बुरा येतो. खोळी काढता येतील अशा शिवा, चेन प्लास्टिकची.

फर्निचर सांगाड्याला जोडताना नळीत 9 मिमीचं भोक पाडा, कडेला प्रायमर लावा, त्यात एम 6 चा रिव्हनट (भोकात आवळून बसणारा आट्यांचा नट) बसवा आणि बोल्टने आवळा. पत्र्याला कधीच नाही, नेहमी नळीला. बोल्ट 316 ग्रेडच्या स्टेनलेसचे घ्या, बंदरावरच्या होड्यांच्या सामानाच्या दुकानात चौकशी करा. 304 ला इथे तांबूस डाग पडतात. स्टेनलेसचा बोल्ट स्टेनलेसच्या नटात जाम होतो, म्हणून प्रत्येकाला अँटी-सीझ ग्रीस. अॅल्युमिनियमच्या खिडकीला स्टेनलेसचा स्क्रू थेट लावला तर स्क्रू नवा राहतो आणि अॅल्युमिनियम पीठ होतं. मध्ये नायलॉनचा वॉशर आणि सीलंट हवंच.

दारांना घरातले ऑटो बिजागर लावू नका. त्यांच्या स्प्रिंगा दुसऱ्या वर्षी गंजतात. स्टेनलेसची पियानो पट्टी (लांब सलग बिजागर) आणि दाबून उघडणारं कुलूप घ्या. चुंबकाने बंद राहणारं दार पहिल्या वळणावर उघडतं आणि डबे खाली.

वीज, गॅस, पाणी

दोन पंखे रात्रभर (दीड अँपियर प्रत्येकी, दहा तास) म्हणजे 30 अँपियर-तास, दिवे आणि फोन मिळून आणखी 10. त्यासाठी 100 अँपियर-तासाची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी आणि 200 वॉटचं सोलर पॅनेल पुरतं. निरभ्र हिवाळी दिवसात पॅनेलमधून 45 ते 50 अँपियर-तास येतात, आषाढात त्याचा भरवसा धरू नका. म्हणून गाडीच्या डायनामोवरून डीसी-डीसी चार्जरही जोडा.

वायर कलई केलेल्या तांब्याची घ्या. साध्या तांब्याला आवरणाच्या आतून कळंक चढत जातो आणि दिवा मंद का झाला हे शोधत बसावं लागतं. पंख्यांना 2.5 चौरस मिमी आणि 10 अँपियरचा फ्यूज, मुख्य वायर 16 चौरस मिमी आणि 60 अँपियरचा फ्यूज, तो बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत. जोड डागू नका, दाबून बसवा आणि वर आतून गोंद असलेली हीटश्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवा. हादऱ्यांनी डागलेला जोड बरोबर त्याच्या कडेला तुटतो.

गॅससाठी पाच किलोचा ‘छोटू’ पुरे. त्याची पेटी आतून हवाबंद, दार शक्यतो बाहेरून, आणि तळाला थेट खाली उघडणारं दोन इंची भोक. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, वर ठेवलेल्या जाळीचा काही उपयोग नाही. ते भोक एक्झॉस्टच्या नळीपासून लांब असू द्या. सुरक्षा होज दर पाच वर्षांनी बदला, आणि गाडी हलायच्या आधी रेग्युलेटर बंद.

पाण्याला पक्की टाकी कशाला? वीस-वीस लिटरचे दोन फूड-ग्रेड कॅन आणि 12 व्होल्टचा छोटा पंप बसवा. कॅन उचलून विहिरीवर नेता येतात, आणि मुख्य म्हणजे आतून घासता येतात.

पावसाआधी

मे च्या शेवटच्या आठवड्यात गाद्या, पडदे, खोळी घरातल्या माळ्यावर हलवा. तळाच्या फळ्या काढून ठेवा, नळ्यांची 8 मिमीची भोकं तारेने मोकळी करा, खिडक्यांच्या चॅनेलमधली पाणी जायची छिद्रंसुद्धा. सीलंटच्या कडा नखाने दाबून बघा, उचलली गेलेली तेवढीच कापून नव्याने भरा. डबा ताडपत्रीने गुंडाळू नका. ताडपत्रीखाली हवा कोंडते आणि उघड्यावरच्या डब्यापेक्षा तो जास्त घामेजतो. पत्र्याची पडवी असेल तर उत्तम, नसेल तर गाडी नाक किंचित वर करून उभी करा, म्हणजे टपावर पाणी साचत नाही. आणि पंखा दिवसातून दोन तास चालेल असा टायमर लावा.