एका अँटेनावर दोन रेडिओ चालवताना

बडोद्यात दांडिया बाजारातल्या जुन्या इमारतीच्या गच्चीवरून मकरपुरा जीआयडीसीपर्यंत (औद्योगिक वसाहतीपर्यंत) डेटाची बिनतारी लिंक टाकायची, म्हणजे हवेतून सुमारे पाच किलोमीटर. घरमालक एकच डिश लावू देतो आणि वायफायसारखे रेडिओ लावायचे आहेत दोन. अशा वेळी टी-कनेक्टर लावून मोकळं व्हावंसं वाटतं. ते करू नका. टीमुळे प्रत्येक रेडिओला समोर ५० ऐवजी २५ ओहमचा विद्युत अडथळा (इम्पीडन्स) दिसतो आणि जवळजवळ अर्धी पॉवर अँटेनाऐवजी शेजारच्या रेडिओत शिरते.

आधी ठरवा, दुसरा रेडिओ कशासाठी हवा आहे? नुसता राखीव असेल तर दोन तोंडांचा कोअॅक्शियल रिले (एका वेळी एकच रेडिओ अँटेनाला जोडणारा स्विच) लावा. त्यात सिग्नल जेमतेम घटतो. मात्र ट्रान्समिट चालू असताना रिले बदलू नका, संपर्क जळतात. एक रेडिओ २.४ आणि दुसरा ५.८ गिगाहर्ट्झचा असेल तर डायप्लेक्सर (दोन बँड एका केबलवर एकत्र आणणारा फिल्टर) घ्या. त्यात साधारण एक डेसिबलच (सिग्नलच्या घट-वाढीचं माप) जातो, पण अँटेना दोन्ही बँडची लागते. २.४ची ग्रिड डिश ५.८वर चालत नाही, कारण तिचा फीडच (डिशसमोरचा छोटा भाग) २.४साठी कापलेला असतो.

दोन्ही रेडिओ एकाच बँडचे असतील तर ड्युअल-पोलराइज्ड डिश (उभ्या आणि आडव्या लहरींना वेगळे पोर्ट असलेली) सगळ्यात बरी. एक रेडिओ उभ्या पोर्टवर, दुसरा आडव्यावर. दोन पोर्टमध्ये २५ ते ३० डेसिबल आयसोलेशन (एकाचा सिग्नल दुसऱ्यात शिरण्याला अटकाव) मिळतं आणि सिग्नल वाटला जात नाही. रेडिओ माइमो (एकदम अनेक अँटेना पोर्ट वापरणारा) असेल तर सेटिंगमध्ये एकाच पोर्टची चेन चालू ठेवा आणि रिकाम्या पोर्टवर ५० ओहमचं टर्मिनेटर (सिग्नल शोषणारं टोपण) बसवा. केबलींना दोन्ही टोकांना रंगीत टेप गुंडाळा. सिग्नल अपेक्षेपेक्षा वीसेक डेसिबलनं कमी दिसला तर उभी-आडवी केबल अदलाबदल झाली असं समजा. (दोन्ही रेडिओ एकाच ठिकाणी बोलणार असतील आणि फक्त वेग हवा असेल, तर एकच माइमो रेडिओ तेवढंच काम करतो. मग हा खटाटोप कशाला?)

अँटेनाला एकच पोर्ट असेल तरच स्प्लिटर (सिग्नल दोन रेडिओंत वाटणारा भाग). तोही सॅटेलाइट टीव्हीचा ७५ ओहमवाला नाही. ५० ओहमचा, तुमच्या बँडचा, एन-टाइप कनेक्टरचा. लिंकच्या एका टोकाला साधारण साडेतीन डेसिबल जातात, दोन्ही टोकांना लावला तर सात. सगळे याच आकड्यावर भांडतात, पण खरी अडचण वेगळी आहे.

हिशोब मांडून बघा. २.४ बँडमध्ये भारतात ईआयआरपीची (अँटेनातून एका दिशेनं निघणाऱ्या ताकदीची) मर्यादा ४ वॉट, म्हणजे ३६ डीबीएम (एक मिलिवॉटच्या तुलनेत डेसिबल). सिग्नल एका दिशेला २४ डीबीआयनं एकवटणाऱ्या डिशला त्यामुळे १२ डीबीएमच देता येतात. स्प्लिटर आणि केबलची तूट धरून रेडिओ सुमारे १६ वर ठेवावा लागतो. पाच किलोमीटरची हवा ११४ डेसिबल खाते, म्हणजे समोरून येणारा सिग्नल स्प्लिटरनंतर उणे ५८च्या आसपास. आणि शेजारचा रेडिओ? स्प्लिटरचं आयसोलेशन २० डेसिबल धरलं तर तो उणे ४ डीबीएमनं कानात ओरडतो. बहुतेक वायफाय रिसीव्हर उणे २०-३०च्या वर गुदमरतात. एकाला चॅनल १ आणि दुसऱ्याला ११ दिला तरी उपयोग नाही, कारण रिसीव्हरचा पुढचा अॅम्प्लिफायर सगळा बँड आत घेतो.

डेटाशीटवर ३० डेसिबल लिहिलेला महाग स्प्लिटर आणला तरी सुटका नाही. अँटेनाचा एसडब्ल्यूआर (ती सिग्नल किती परत फेकते त्याचं माप) १.५ असेल तर १४ डेसिबल खाली परावर्तित लाट परत येते. स्प्लिटरमधून जाता-येता आणखी तीन-तीन घटून ती शेजाऱ्यापर्यंत २० डेसिबल खालीच पोचते. म्हणून आधी अँटेना मोजा, मग स्प्लिटर निवडा.

उपाय दोनच. प्रत्येक रेडिओच्या तोंडाशी फक्त त्याचाच चॅनल जाऊ देणारा कॅव्हिटी फिल्टर लावा, किंवा जीपीएस सिंक असलेले रेडिओ घ्या, म्हणजे दोघे एकदम बोलतील आणि एकदम ऐकतील. दुसरा मार्ग स्वच्छ, पण सिंक साध्या वायफाय रेडिओत मिळत नाही.

तपासणी सोपी आहे. पहिला रेडिओ एकटा चालवून सिग्नल, नॉइज फ्लोअर (मागचा गोंगाट) आणि आयपर्फचा (वेग मोजायच्या प्रोग्रॅमचा) वेग लिहून घ्या. मग दुसऱ्यावरून भरपूर डेटा पाठवा. पहिल्याचा नॉइज तीन डेसिबलहून जास्त चढला, किंवा नॉइज तसाच राहून वेग कोसळला, तर आयसोलेशन अपुरं आहे. तपासताना कोणताही रेडिओ अँटेना किंवा टर्मिनेटरशिवाय चालू करू नका.

स्प्लिटर आणि रेडिओ एकाच डब्यात, जवळजवळ ठेवा. लांब केबल एकच, अँटेनापर्यंतची, आणि ती एलएमआर-४०० असावी, २.४वर मीटरला साधारण ०.२२ डेसिबल जातो, आरजी-५८ मध्ये एक. लाइटनिंग अरेस्टर (विजेपासून वाचवणारा भाग) अँटेना आणि स्प्लिटरच्या मध्ये. बाहेरच्या प्रत्येक जोडावर सेल्फ-अमाल्गमेटिंग रबर टेप, त्यावर पीव्हीसी टेप. केबल डब्यात खालून न्या. आरपी-एसएमए आणि एसएमए कनेक्टर एकमेकांत फिरतात, पण मधली पिन जुळत नाही, आणि लिंक का उठत नाही ते कळतच नाही.

केबल मास्टला दर फुटावर बांधा. बडोद्यात १४ आणि १५ जानेवारीला गच्चीवर पतंग उडवायला शंभर माणसं असतात. डिशला अडकलेला मांजा ओढला की कोन हलतो. १६ तारखेला लिहून ठेवलेल्या आकड्याशी सिग्नल ताडून बघा.