आपल्या भागाचा पाऊस मोजावा कसा आणि अंदाज ताडून पाहावा कसा

‘हवामान खात्याने सांगितलं आणि पाऊस पडलाच नाही,’ ही तक्रार दर पावसाळ्यात ऐकू येते. असं म्हणणाऱ्याला दोनच प्रश्न विचारावेत. खात्याने नेमके कोणते शब्द वापरले होते? आणि तुमच्याकडे नेमका किती मिलिमीटर पडला? दोन्हींची नोंद बहुधा कुणाकडेच नसते. ती ठेवायला फार काही लागत नाही.

पायरी १ : पर्जन्यमापक बसवा

एक नरसाळं आणि एक बाटली पुरते. नरसाळ्याच्या तोंडाचा आतला व्यास ११.३ सेंटिमीटर असेल तर क्षेत्रफळ १०० चौरस सेंटिमीटर भरतं. मग हिशेब सोपा : बाटलीत जमलेलं दर १० मिलिलिटर पाणी म्हणजे १ मिलिमीटर पाऊस. व्यास वेगळा असेल तर जमलेल्या मिलिलिटरना १० ने गुणा आणि तोंडाच्या क्षेत्रफळाने भागा. मोजायला बिनसुईची सिरिंज किंवा खुणांचं मोजपात्र चालतं. कोकणात आणि घाटमाथ्यावर बाटली मोठी घ्या, कारण याच नरसाळ्यातून २०० मिलिमीटरला २ लिटर पाणी येतं.

जागा निवडताना घाई नको. जवळच्या भिंतीची किंवा झाडाची जितकी उंची, त्याच्या किमान दुप्पट अंतरावर मापक ठेवा. गच्ची सोयीची वाटते, पण तिथल्या वाऱ्यात थेंब तिरके उडून जातात आणि पाऊस कमी भरतो. तोंड जमिनीपासून साधारण ३० सेंटिमीटर वर आणि सपाट असावं, म्हणजे खालचं पाणी उडून आत येणार नाही.

पायरी २ : सकाळी साडेआठला वाचा

भारतीय हवामान विभागाचा पावसाचा दिवस मध्यरात्री बदलत नाही. सकाळी ८.३० ते दुसऱ्या दिवशी सकाळी ८.३० असे २४ तास धरतात आणि आकडा वाचनाच्या तारखेला लिहितात. म्हणजे १४ जुलैच्या दुपारी झोडपून काढणारा पाऊस १५ जुलैच्या खात्यावर जमा होतो. बातम्यांतले आकडे आणि आपली वही जुळत नाही, तेव्हा निम्म्या वेळा घोळ इथेच असतो.

पायरी ३ : अंदाजातले शब्द मोजून घ्या

विभागाच्या अंदाजात सैल वाटणाऱ्या शब्दांना ठरलेले अर्थ असतात. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या क्षेत्रातल्या जास्तीत जास्त २५ टक्के केंद्रांवर पाऊस, ‘काही ठिकाणी’ म्हणजे ५० टक्क्यांपर्यंत, ‘बऱ्याच ठिकाणी’ ७५ टक्क्यांपर्यंत आणि त्यापुढे ‘बहुतांश ठिकाणी’. ‘जोरदार’ म्हणजे २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर, ‘अति जोरदार’ २०४.४ पर्यंत आणि त्यावर ‘अत्यंत जोरदार’. तेव्हा ‘तुरळक ठिकाणी जोरदार’ असा इशारा असताना तुमचं गाव कोरडं राहिलं तर अंदाज चुकला असं म्हणता येत नाही; बहुसंख्य गावांत तो पाऊस पडणारच नव्हता.

एका शहरातही केवढा फरक पडू शकतो याचं टोकाचं उदाहरण २६ जुलै २००५ चं. २४ तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर नोंदला गेला आणि कुलाब्याला जेमतेम ७३.

पायरी ४ : प्रश्नानुसार अंदाज निवडा

एप्रिलच्या मध्याला येणारा आणि मेअखेर सुधारला जाणारा हंगामी अंदाज देशभराच्या एकूण पावसाचा असतो. सरासरी ८७ सेंटिमीटर धरतात आणि तिच्या ९६ ते १०४ टक्के पाऊस म्हणजे ‘सरासरीइतका’. वाहिन्या त्यावर दिवसभर चर्चा करतात, पण त्यावरून पेरणीचा दिवस ठरवू नये. त्यासाठी दर गुरुवारी निघणारा चार आठवड्यांचा अंदाज पाहा, त्यातही पहिल्या दोन आठवड्यांनाच वजन द्या. फवारणी, काढणी, प्रवास यांना जिल्हानिहाय पाच दिवसांचा अंदाज बरा. आणि ढग डोक्यावर आले असतील तर पुढच्या तीन तासांचा तात्कालिक अंदाज व डॉप्लर रडारची चित्रं : पावसाच्या पट्ट्याची कड गेल्या तासात किती सरकली ते पाहिलं की आपल्याकडे कधी पोहोचेल याचा अदमास येतो.

उपग्रहाच्या चित्राने मात्र फसू नका. पांढराशुभ्र ढग म्हणजे उंच, थंड माथ्याचा ढग. सह्याद्रीवर पुष्कळदा कमी उंचीचे ढगच दिवसभर ओततात आणि चित्रात ते फिके दिसतात.

पायरी ५ : आपल्याकडे पाऊस कोण आणतं ते ओळखा

हे जमलं की नुसता अंदाज वाचणारा माणूस अंदाज बांधू लागतो. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र तयार होऊन वायव्येकडे सरकू लागलं की विदर्भाने तयारीत राहावं. किनाऱ्याला समांतर कमी दाबाचा पट्टा असेल आणि पश्चिमेचे वारे जोरात असतील, तर कोकण आणि घाटमाथा न्हाऊन निघतो. घाटाच्या पूर्वेला तेच वारे कोरडे होऊन उतरतात. मॉन्सूनचा आस, म्हणजे उत्तर भारतावर पसरलेला कमी दाबाचा लांबट पट्टा, हिमालयाच्या पायथ्याशी सरकला की राज्याच्या बऱ्याच भागात उघडीप पडते. विभागाच्या रोजच्या निवेदनात या तिन्ही गोष्टी असतात. पावसाच्या आकड्याशेजारी त्या दिवशी कोणती प्रणाली होती हे एका ओळीत लिहा.

पायरी ६ : ताळा करा

अंदाज आदल्या दिवशीच लिहून ठेवा. पाऊस पडून गेल्यावर आठवून लिहिलेला अंदाज निरुपयोगी. मग चार रकाने करा : सांगितला आणि पडला, सांगितला पण नाही पडला, न सांगता पडला, दोन्ही नाही. पडला म्हणजे २.५ मिलिमीटर किंवा अधिक. विभागाचा पावसाळी दिवस असाच ठरतो. सोबत एक खडूस स्पर्धकही ठेवा : ‘उद्या आजच्यासारखंच’ हा अंदाज. जो अंदाज यालाही हरवू शकत नाही, त्याच्यावर विसंबू नका. जुलैत हा स्पर्धक बऱ्यापैकी टिकतो, सप्टेंबरच्या दुपारच्या गडगडाटी पावसात तोंडावर पडतो.

महिन्याची बेरीज सरासरीशी ताडताना उणे १९ ते अधिक १९ टक्के म्हणजे सरासरीइतका. पण दोन दिवसांत कोसळून उरलेला महिना कोरडा गेला तरी बेरीज छान दिसते, म्हणून पावसाळी दिवसही मोजा. नुकसानभरपाईसाठी मात्र ही वही चालत नाही. अतिवृष्टी ठरवताना महसूल मंडळाच्या केंद्रावरचाच आकडा धरतात, २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर. ते केंद्र तुमच्यापासून किती लांब आहे, तेही एकदा जाऊन बघून या.