जुन्या भाड्याच्या इमारतीत एसी घेण्याआधी वीजबिल बघा

सहा-आठ भाडेकरूंच्या जुन्या इमारतीत नवे एसी बसतात आणि ऐन उन्हाळ्यात रात्री फ्यूज उडू लागतो. दुकानात जाण्याआधी एवढं करा:

१. प्रत्येक भाडेकरूच्या बिलावरचा ‘मंजूर भार’ (वीज कंपनीने त्या जोडणीला मंजूर केलेले किलोवॅट) बघा. दीड टनी एसी साधारण दीड ते पावणेदोन किलोवॅट खेचतो. त्यात गिझर, इस्त्री मिळवा. आकडा बसत नसेल तर आधी भार वाढवून घ्या. रात्री सगळ्यांचे एसी एकदमच चालतात, म्हणून मीटरपर्यंत येणारी मुख्य केबलही इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. नेमकी हीच गोष्ट बहुतेक जण विसरतात.

२. एसीला मीटरपासून स्वतंत्र ४ चौरस मिलिमीटर तांब्याची वायर, स्वतंत्र एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) आणि अर्थिंग. जुन्या ॲल्युमिनियम वायरला जोड देऊन काम भागवू नका.

३. एसीवरचे नुसते स्टार मोजू नका, त्यांचे निकष बदलत राहतात. बीईईच्या (स्टार देणारी केंद्र सरकारची संस्था) लेबलवर वर्षाला लागणारे युनिट (१६०० तास धरून) छापलेले असतात. दोन मॉडेलमधला युनिटचा फरक गुणिले तुमचा दर, की वर्षाची बचत कळते. बिल भाडेकरू भरतो म्हणून मालक स्वस्त मॉडेल उचलतो, आणि मग भाडेकरू टिकत नाही.

बाहेरचं युनिट जुन्या छज्ज्यावर मात्र ठेवू नका. आतली सळई गंजलेली असू शकते. भक्कम भिंतीत ब्रॅकेट मारून बसवा.