एमजीबीचा मागचा एक्सल: पॉवर वाढवण्याआधी काय तपासलं

माझी 1972ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे उघड्या टपाची ब्रिटिश स्पोर्ट्स कार. पॉवर वाढवायला नवा कॅम (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) आणि मोठे कार्ब्युरेटर बसवायचं ठरलं, तेव्हा इंदूरमध्ये ज्याला-त्याला एकच काळजी: मागचा एक्सल टिकेल का? क्लच सोडताना मागून ‘खट्’ असा आवाज यायचा, त्यामुळे शंका रास्तच होती.

सियागंजाजवळ लेथवर काम करणाऱ्या टर्नर काकांनी एक्सल उघडायच्या आधीच सांगितलं, “हॉर्सपॉवरने शाफ्ट मोडत नाही रे, टॉर्कने, म्हणजे पिळणाऱ्या जोराने मोडतो. तोही पहिल्या गिअरमध्ये.” अगदी खरं. पहिला गिअर साधारण 3.4, मागच्या एक्सलचा गिअर रेशो 3.9, दोन्हींचा गुणाकार म्हणजे इंजिनाचा टॉर्क तेरापट होऊन एक्सलवर येतो.

उघडल्यावर गिअरचे दात शाबूत निघाले. झिजले होते ते डिफरन्शियलच्या (दोन्ही मागच्या चाकांना जोर वाटून देणाऱ्या गिअरसंचाच्या) आतल्या छोट्या गिअरमागचे थ्रस्ट वॉशर, कडेला अगदी कागदासारखे पातळ. ते बदलले आणि आवाज गेला. हाफ शाफ्टच्या (डिफरन्शियलपासून चाकापर्यंतच्या दांड्याच्या) स्प्लाइनना, म्हणजे टोकावरच्या खाचांना, पीळ पडलाय का, हे पट्टी लावून पाहिलं. मग तडे शोधायला शाफ्टवर लाल डाय लावून पुसला, वर पांढरा डेव्हलपर मारला. तडा असता तर लाल रेघ उमटली असती, नाही उमटली.

एमजीबी बनवणाऱ्या कंपनीनेच 1973 ते 1976 याच प्रकारच्या एक्सलवर 3.5 लिटरचं आठ सिलिंडरचं व्ही8 इंजिन चालवलं, रेशो 3.07 करून. त्यामुळे माझ्या बेताच्या वाढीसाठी महागडा एक्सल आणणं मला तरी पटत नाही. जास्त पकडीचे रेसिंग टायर मात्र लावणार नाही. साधा टायर आधी घसरतो, म्हणून शाफ्ट वाचतो.